शाळेतला रंधा



गेल्या वर्षी जळगावातल्या एका शाळेनं मला बोलावलं होतं. मुलांनी त्या दिवशी दप्तर आणायचं नव्हतं. पुस्तकाबाहेरचं काही पाहायचं, हाताळायचं, असा तो दिवस. मुख्याध्यापिका बाई फोनवर म्हणाल्या, "सर, तुम्ही दोन कविता म्हणा. आणि तुमच्या ओळखीत कुणी चांगला कारागीर असेल, तर त्यालाही सोबत आणा." कारागीर शोधायला मला उंबऱ्याबाहेर जावं लागलं नाही. माझा धाकटा भाऊ मिस्त्री आहे. आमचे अब्बा मिस्त्री होते, दादा मिस्त्री होते. घरात बी.ए. होऊन कागद काळे करणारा मी एकटाच निघालो.

मी दोन कविता म्हटल्या. मुलांनी शहाण्यासारख्या टाळ्या वाजवल्या. मग भावानं पिशवीतून रंधा काढला, सागाची एक फळी बाकाला अडकवली आणि हात चालवला. रंध्याच्या तोंडातून लाकडाचा एक लांबलचक, पातळ, कुरळा छिलका बाहेर पडला. क्षणात सगळा वर्ग जागा सोडून त्याच्याभोवती गोळा झाला. माझ्याजवळ उरल्या त्या फक्त मुख्याध्यापिका बाई आणि पाण्याचा पेला. सहावीतल्या एका मुलीनं तो छिलका उचलला, त्याचा वास घेतला आणि विचारलं, "काका, हे तुम्ही कोणत्या शाळेत शिकलात?"

भाऊ हसला. म्हणाला, "मी आठवी नापास आहे बेटा. हे शाळेत शिकवत नाहीत."

घरी येताना ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. कारण ते खरंही आहे आणि खोटंही. सुतारकाम शाळेत शिकवावं, वकिलाच्या आणि मामलेदाराच्या मुलालाही शिकवावं, असा एक विचार सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी जगभर फिरला. तो आपल्या मुंबई इलाख्यात आला. आपल्या खानदेशाच्या अंगणातूनही गेला. मग माझ्या भावाला तो का भेटला नाही? आज त्याबद्दलच थोडं बोलायचं आहे.

आधी आमच्या घरातली हत्यारांची पेटी उघडतो. त्यात रंधा आहे, करवत, पटाशी, वाकस, गिरमिट आणि गुण्या आहे. गुण्या म्हणजे काटकोन तपासायचं साधन. रंधा हा शब्द फारसीतून आला. गुण्याही फारसीतूनच आला आणि त्याचं मूळ पार ग्रीकपर्यंत जातं. मिस्त्री हा शब्द पोर्तुगीजांकडचा. आणि सुतार? तो संस्कृतातला सूत्रधार, म्हणजे हातात दोरी धरणारा. गेरूत बुडवलेली दोरी लाकडावर ताणून टिचकी मारली की सरळ रेघ उमटते आणि त्या रेघेवरून करवत चालते. आजही मिस्त्री लोक इंचाच्या आठव्या भागाला 'सूत' म्हणतात. मीटर-सेंटिमीटर येऊन साठ-पासष्ट वर्षं झाली, पण आमच्या दुकानात अजून "दोन सूत कमी कर" असंच ऐकू येतं. एका पेटीत इतके देश आणि इतक्या भाषा शेजारी शेजारी नांदतात. त्यांचं भांडण झालेलं मी तरी पाहिलं नाही.

ही पेटी पूर्वी बापाकडून मुलाकडे जायची. गावगाड्यात सुतार हा बलुतेदार. नांगर, वखर, तिफण, गाडीचं चाक, घराची चौकट ही त्याची कामं, आणि सुगीला त्याबदल्यात धान्य. मूल आठ-नऊ वर्षांचं झालं की बापाशेजारी बसायचं. आधी ढलप्या गोळा करायच्या, मग लाकूड धरायचं, मग हत्याराला धार लावायची. लाकूडही त्याला शिकवायचं. सातपुड्यातला साग आज्ञाधारक, म्हणून तो दारा-खिडक्यांना. बाभूळ चिवट, ती गाडीला आणि औताला. आणि आपल्या खानदेशच्या माळावरचं अंजन इतकं कठीण की करवतीचे दात बोथट होतात. दादा म्हणायचे, अंजन कापलं की माणसाचा गर्व उतरतो.

या शिक्षणाला फी नव्हती आणि परीक्षा रोज होती. पण त्याला एक भिंतही होती. ते फक्त मिस्त्रीच्या मुलाला मिळायचं, आणि बापाला येतं तेवढंच मिळायचं. त्यात अक्षर नव्हतं आणि कागदावरचा नकाशा नव्हता. शाळेत गेलेल्या मुलाच्या हाती पुस्तक होतं, पण हत्यार नव्हतं. दोन विद्या दोन वेगळ्या घरांत राहत होत्या.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खानदेशात रेल्वे आली. भुसावळला रेल्वेचे कारखाने उभे राहिले. कापसामुळे जिनिंग-प्रेसिंग आलं. जळगावला आणि पुढं अमळनेरला कापडगिरण्या निघाल्या. या यंत्रांच्या जगातही सुतार लागत होता, पण वेगळ्या प्रकारचा. ते कसं, हे मला धुळ्याच्या माझ्या मामूंनी समजावलं. ते ओतकामाच्या कारखान्यासाठी लाकडी नमुने करायचे. लोखंडाचं एखादं चाक ओतायचं असेल, तर आधी तसंच चाक लाकडात करावं लागतं. ते वाळूत दाबून ठसा घ्यायचा आणि त्या पोकळीत तापलेला रस ओतायचा. पण लोखंड निवताना आकसतं. म्हणून लाकडी नमुना मुद्दाम थोडा मोठा करायचा. ओतीव लोखंडाला साधारण फुटामागे एक सूत. मामू म्हणायचे, "ते एक सूत नकाशात वाचता आलं पाहिजे. हाताला ते कळत नाही." बापाशेजारी बसून शिकलेल्या सुताराचं गाडं नेमकं इथं अडत होतं.

आता जरा लांब जाऊ या. साधारण याच काळात युरोपच्या उत्तरेकडे काही लोक उलट बाजूनं विचार करत होते. सुताराला अक्षर हवं हे खरं, पण अक्षर शिकणाऱ्याला लाकूड नको का? फिनलंडमध्ये ऊनो सिग्नेउस या शिक्षणतज्ज्ञाच्या आग्रहानं १८६६ च्या कायद्यात ग्रामीण शाळांतल्या मुलग्यांना हस्तकाम सक्तीचं झालं. शेजारच्या स्वीडनमध्ये ओटो सालोमन यांनी १८७० च्या दशकात नेस या ठिकाणी शिक्षकांसाठी विद्यालय चालवलं. त्यांच्या पद्धतीला 'स्लॉइड' म्हणतात. शब्दाचा अर्थ साधा आहे, हातकाम. १९०७ साली सालोमन वारले, तोपर्यंत देशोदेशींचे हजारो शिक्षक नेसला येऊन लाकूड तासून गेले होते. पुढं १९२० च्या दशकाच्या अखेरीस शांतिनिकेतनचे लक्ष्मीश्वर सिन्हा हेही तिथं शिकून आले.

सालोमन यांचं म्हणणं काय होतं? मुलांना सुतार करायचं नाही, हे त्यांनी पहिल्यांदाच सांगून टाकलं. हात, डोळा आणि मन एकत्र चालायला शिकावं, कामात नीटनेटकेपणा यावा आणि श्रमाबद्दल आदर वाटावा, एवढ्यासाठी लाकूड. मुलाच्या हातात पहिलं हत्यार द्यायचं ते साधा चाकू, कारण तो त्याच्या ओळखीचा असतो. वस्तू करायची ती घरात वापरता येईल अशी. चमचा, मूठ, कपडे अडकवायची खुंटी. सोपीपासून अवघडापर्यंत चढत जायचं. आणि वस्तू सुरुवातीपासून शेवटपर्यंत त्या एकाच मुलानं करायची, म्हणजे चूकही त्याची आणि यशही त्याचं.

दुसरी एक पद्धत मॉस्कोच्या तांत्रिक विद्यालयातून आली. व्हिक्टर डेला-वोस यांनी ती बसवली. तिच्यात वस्तू नाही, फक्त सांधे. एका सांध्यावर हात बसला की पुढचा. १८७६ साली फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात ती मांडली गेली आणि अमेरिकेतल्या शाळांनी उचलली. म्हणजे एकानं सांगितलं, मुलाला चमचा करू द्या. दुसऱ्यानं सांगितलं, आधी सांधा येऊ द्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जगभरातल्या शाळांतले सुतारकामाचे वर्ग या दोन विचारांच्या मिश्रणातून उभे राहिले.

अशा वर्गात मूल नेमकं काय करायचं? ऐकताना सोपं वाटेल. पहिले काही आठवडे एका लाकडाची एक बाजू सपाट करायची. बस्स. रंधा मारायचा, पट्टीची धार आडवी-तिरपी ठेवून उजेडासमोर धरायची. फटीतून उजेड दिसला की बाजू खोटी. लाकडाला पीळ आहे का, हे दोन काठ्या दोन टोकांवर ठेवून बघायचं. बाजू खरी झाली की तिच्यावर पेन्सिलनं खूण करायची. मग त्या बाजूला गुण्या लावून शेजारची कड काटकोनात आणायची. तिच्यावरही खूण. रुंदी, जाडी, खाच, भोक ही पुढची सगळी मापं या दोन खुणांवरूनच घ्यायची. दुसऱ्या बाजूवरून घेतली की चूक चुकीत मिसळते आणि शेवटी स्टुलाचा एक पाय हवेत राहतो. मग सांधे यायचे. दोन लाकडांना निम्मी निम्मी खाच पाडून केलेला साधा जोड, एकाची जीभ दुसऱ्याच्या भोकात बसवायचा जोड, आणि पारव्याच्या शेपटीसारखा रुंदावत जाणारा, ओढला तरी न सुटणारा जोड. पण प्रत्येक वस्तूआधी कागदावर तिचा नकाशा काढायचा. समोरून कशी दिसते, वरून कशी, बाजूनं कशी. शाळेतलं सुतारकाम दुकानातल्या सुतारकामापेक्षा वेगळं होतं ते या एका गोष्टीमुळं.

आमचे दादा कुठल्या सुतारवर्गात गेले नव्हते. अमळनेर तालुक्यातल्या गावी मराठी चौथीपर्यंत शिकले, बाकी बापाशेजारी. पण पहिली बाजू खरी करायचा नियम तेही पाळायचे. मी लहानपणी ओबडधोबड फळी दाखवून "झालं ना दादा?" म्हटलं, की ते गुण्या पुढं करायचे आणि अहिराणीत म्हणायचे, "गुण्या कोनाना सगा नही." गुण्या कुणाचा नातेवाईक नसतो. नातवाचाही नसतो.

आपल्या इलाख्यात हे वारं कसं आलं? मुंबईला सर जे. जे. कलाशाळा १८५७ साली सुरू झाली होती. १८८७ साली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली. १८९० साली बडोद्यात सयाजीराव महाराजांनी कलाभवन काढलं, त्रिभुवनदास गज्जर यांच्या हाती दिलं आणि तिथं धंदेशिक्षण देशी भाषेत देण्याचा आग्रह धरला. सयाजीराव मूळचे कवळाण्याचे, मालेगाव तालुक्यातले, म्हणजे आपल्या शेजारचेच. बारा वर्षांचे होईपर्यंत ते शेतकऱ्याच्या घरात वाढले होते. हातकाम आणि मातृभाषा यांची गाठ त्यांच्या मनात पक्की असावी, यात नवल नाही. त्याआधी १८८२ साली महात्मा फुल्यांनी हंटर आयोगाला निवेदन दिलं, त्यात प्राथमिक शिक्षणाला शेतीच्या प्रत्यक्ष ज्ञानाची जोड हवी, असं बजावलं होतं. हंटर आयोगानंही हायस्कुलात दोन वाटा सुचवल्या. एक कॉलेजकडे जाणारी, दुसरी व्यवहारी शिक्षणाची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काही हायस्कुलांना सुतारकामाचे वर्ग जोडले गेले. १९०६ साली खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले, आजचे जळगाव आणि धुळे-नंदुरबार, तो हाच काळ.

पण लोकांचा कौल स्पष्ट होता. बहुतेकांनी पहिलीच वाट धरली. मॅट्रिक होऊन कचेरीत कारकून होता येत असताना रंधा कोण हातात घेणार? आणि ज्यांच्या हातात रंधा होता, ती मुलं हायस्कुलापर्यंत पोचतच नव्हती. वर्ग ज्यांच्यासाठी होता त्यांना तो कमीपणाचा वाटत होता, आणि ज्यांना त्यातल्या नकाशाचा उपयोग झाला असता, ते शाळेच्या दाराबाहेर होते. शिवाय हेतूचाही घोळ होता. हे शिक्षण माणूस घडवायला आहे की कामगार घडवायला? सालोमन यांनी उत्तर दिलं होतं. आपल्याकडे तो प्रश्न नीट विचारलाच गेला नाही.

तो विचारला गेला १९३७ साली. आणि त्याच्या दहा महिने आधीची गोष्ट आपल्या यावल तालुक्यात घडली.

डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं हे पहिलंच अधिवेशन. अध्यक्ष पंडित जवाहरलाल नेहरू. धनाजी नाना चौधरी आणि त्यांच्यासारख्या खानदेशी कार्यकर्त्यांनी त्यासाठी जिवाचं रान केलं. नगराची सजावट शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस यांनी केली, आणि ती बांबूसारख्या खेड्यात मिळणाऱ्या साध्या सामानातून केली. अध्यक्षांच्या रथाला बैलांच्या सहा जोड्या होत्या. दादा तेव्हा विशीतले. हत्यारांची पिशवी घेऊन सावद्याच्या स्टेशनवर उतरले आणि फैजपुरात मजुरीवर लागले. ते सांगायचे, आम्ही मिस्त्री लोक फळ्या शोधत होतो आणि आमच्या हाती बांबू दिला. गाठ लपवू नका, दिसू द्या, असं सांगितलं. तोवर गाठ म्हणजे लाकडाचा दोष, एवढंच दादांना माहीत होतं. त्याच नगरात ग्रामोद्योगांचं प्रदर्शन होतं, आणि गांधीजी कारागिरांच्या कामाबद्दल बोलत होते. आपल्या कामाबद्दल एवढी मोठी माणसं बोलतात, हे दादांनी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. म्हातारपणीही ते सांगताना त्यांचा आवाज बदलायचा.

गांधीजींना हा विषय नवा नव्हता. दक्षिण आफ्रिकेतल्या टॉलस्टॉय फार्मवर त्यांचे मित्र कॅलनबाख मुलांना सुतारकाम शिकवत. तो अनुभव त्यांच्या मनात होता. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. तिनं नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते डॉ. झाकीर हुसेन, जे पुढं देशाचे राष्ट्रपती झाले. मातृभाषेतून सात वर्षांचं सक्तीचं मोफत शिक्षण, आणि ते एखाद्या उद्योगाभोवती गुंफलेलं, हा त्या योजनेचा गाभा. उद्योगांत सूतकताई होती, शेती होती, सुतारकामही होतं. साडेपाच तासांच्या शाळेतले ३ तास २० मिनिटं उद्योगाला दिले होते. पण त्यातली कल्पना अशी की तो वेळ गणिताचा, विज्ञानाचा आणि भाषेचाही असेल. पाट करताना अपूर्णांक येतील, क्षेत्रफळ येईल. साग कुठून आला हे विचारताना सातपुडा येईल. पाट कसा केला हे लिहिताना निबंध येईल.

विरोधही झाला. परिषदेतच प्रा. के. टी. शहा यांनी आक्षेप घेतला, की मुलांनी केलेला माल विकून शाळा चालवायची ठरवली तर खऱ्या कारागिरांशी स्पर्धा होईल. आणि झाकीर हुसेन समितीनं आपल्या अहवालात स्वतःच एक धोका नोंदवून ठेवला. शिक्षकांचं लक्ष मुलांकडून जास्तीत जास्त काम काढून घेण्याकडे गेलं, तर शिक्षणाचा हेतूच बुडेल. हे वाक्य मी कॉलेजात असताना वाचलं, तेव्हा थबकलो. कारण तोपर्यंत मी ते भोगून आलो होतो.

१९८० च्या दशकात मी माध्यमिक शाळेत होतो. शाळेचं नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. तोपर्यंत कोठारी आयोगाचा 'कार्यानुभव' वेळापत्रकावर आला होता. आठवड्याला दोन तास. पहिल्याच तासाला सरांनी नावं विचारली, बाप काय करतो ते विचारलं. माझी पाळी आली. "मिस्त्रीचा का तू? मग तुला काय शिकवायचं! त्या मागच्या बाकांचे पाय हलतात, ते बघ." सरांचा हेतू वाईट नव्हता. मलाही आधी मोठा मान वाटला. वर्गातली मुलं आत बसायची आणि मी व्हरांड्यात हातोडी घेऊन. दोन महिने मी बाक ठोकले. मग एके दिवशी खिळा घ्यायला आत गेलो, तर सर फळ्यावर एका स्टुलाचा नकाशा काढत होते. समोरून, वरून, बाजूनं. मुलं पट्टी-पेन्सिल घेऊन उतरवून घेत होती. वकिलाचा मुलगा स्टुलाचा नकाशा शिकत होता आणि मिस्त्रीचा मुलगा व्हरांड्यात खिळे मारत होता.

घरी येऊन अब्बांना सांगितलं. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकान बंद ठेवलं, पेटी उचलली आणि माझ्याबरोबर शाळेत आले. व्हरांड्यात बारा बाक पडले होते. संध्याकाळपर्यंत बाराही उभे केले. पैसे घेतले नाहीत. जाताना सरांना हात जोडून एवढंच म्हणाले, "साहेब, आता बाक संपले. आता याला नकाशा शिकवा."

सर भला माणूस होता. त्यांना ते लागलं. त्यांनी मला नकाशा शिकवला, मन लावून शिकवला. पण माझा भाऊ चार वर्षांनी त्याच व्हरांड्यात पोचला, तेव्हा ते सर बदलून गेले होते आणि अब्बा अंथरुणाला खिळले होते. त्याच्यासाठी शाळेत जाणारं कुणी नव्हतं. मी होतो, पण मी तेव्हा कॉलेजात कविता लिहीत होतो. भाऊ आठवीत नापास झाला आणि त्यानं दुकानाची किल्ली हातात घेतली. माझं बी.ए. त्या किल्लीवर झालं. हे आजवर मी कुठल्या कवितेत लिहिलेलं नाही.

म्हणून मला वाटतं, शाळेतल्या सुतारकामाची ही सगळी कहाणी एका प्रश्नावर येऊन थांबते. तासाच्या शेवटी लाकूड सुधारलं की मूल? बाक दुरुस्त झाला आणि मुलाला नवं काही कळलं नाही, तर ती मजुरी आहे, तिला कोणतंही गोड नाव द्या. मुलाला काटकोन कळला आणि फळी फुकट गेली, तर ते शिक्षण आहे. आणि दुसरं असं, की शाळेनं दोघांनाही ते द्यावं जे त्यांच्या घरात नाही. वकिलाच्या मुलाला रंधा, आणि मिस्त्रीच्या मुलाला नकाशा. आपण बहुतेक वेळा उलटं केलं. ज्याच्याकडे जे होतं, त्यालाच त्यात जुंपलं.

आता पुन्हा एकदा दार किलकिलं झालं आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात असं म्हटलं आहे, की सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना राहावं आणि गावातल्या सुतार, माळी, कुंभार, कलावंतांकडे जाऊन शिकावं. धोरण कागदावर चांगलं दिसतं. पण गावात तो सुतार किती ठिकाणी उरला आहे? गाडीची जागा ट्रॅक्टरनं घेतली, सागाची जागा प्लायवूडनं. शहरांत फर्निचरचं काम करायला राजस्थान आणि उत्तर प्रदेशातून कारागीर येतात. जे आहेत त्यांना शाळेत मानानं बोलावलं, त्यांच्या दिवसाची मजुरी दिली आणि त्यांना 'सर' म्हटलं, तर या दहा दिवसांना अर्थ येईल. नाहीतर फोटो निघतील आणि मुलं पुन्हा दप्तर उचलतील.

त्या दिवशी निघताना मुख्याध्यापिका बाई भावाला म्हणाल्या, "मिस्त्री, पुढच्या वेळी याल तेव्हा मुलांना हाताशी घेऊन आमचे थोडे बाकही बघाल का?" मी खाली बघितलं. भाऊ शांतपणे म्हणाला, "बाई, बाकांचं काम मी घेईन. त्याचा दर वेगळा, ते रविवारी येऊन करीन. मुलांचा तास मुलांचाच. त्या तासाला बाक नाहीत." बाई समजदार होत्या. त्यांनी लगेच मान डोलावली.

आता महिन्यातून दोन शनिवारी तो त्या शाळेत जातो. मुलं अजून पहिल्या बाजूवरच आहेत. ती छिलक्याचा वास घेणारी मुलगी फळी घेऊन येते, भाऊ गुण्या लावतो, उजेडासमोर धरतो आणि म्हणतो, "अजून एक हात मार." ती कुरकुरत परत जाते. मीही त्याच्याबरोबर जातो, कविता म्हणायला नाही. भावाला नकाशा काढता येत नाही, म्हणून फळ्यावर स्टुलाचा नकाशा मी काढतो. समोरून, वरून, बाजूनं. तेवढा मला येतो. अब्बांनी बारा बाकांच्या बदल्यात तो मला मिळवून दिला होता.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)